लाल शाईची चिठ्ठी

नर्सबाई आमच्या वर्गात एचआयव्हीबद्दल बोलायला आल्या आणि त्यांनी प्रश्नांसाठी बुटांचा रिकामा खोका फिरवला. "नाव लिहू नका आणि लाजूही नका," म्हणाल्या. आम्ही दंगा करू नये म्हणून गणिताचे सर मागच्या बाकावर बसले होते. खोका तिथपर्यंत जाऊन परत आला. मी पहिल्या बाकावर, म्हणून चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

डास चावून होतो का, एका ताटात जेवून होतो का, असं सगळं झालं. पुढची चिठ्ठी उघडली. लाल शाई! तीन वर्षं माझ्या गणिताच्या वहीत "रीत कुठे आहे?" असं खरडणारं तेच अक्षर. मी वाचलं, "तपासणी केली तर घरी कळतं का?" आणि चिठ्ठी मुठीत दाबली.

"कोणाची गं? अक्षर दाखव की!" वर्गातला भोंगा ओरडला. त्याला कळलं की शाळाभर झालंच.

माझं डोकं फिरलं. "माझी आहे. काही म्हणणं आहे?"



नर्सबाई म्हणाल्या, "आम्ही कोणालाही सांगत नाही. आणि लागण निघालीच, तर गोळ्या आहेत. रोज घेतल्या तर आयुष्य थांबत नाही."

"दवाखाना कधी उघडा असतो? जरा मोठ्यानं सांगा," मी म्हणाले.

"रोज सकाळी नऊ ते बारा."

मी मागे वळून पाहिलं नाही. मागच्या बाकावरून पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज मात्र ऐकला.