एकतीस घरांचा टोप

मी एक जुना टोप आहे, तांब्याचा, आणि खरं सांगायचं तर थकलो आहे. मित्रांनो, भांड्याला कसला आलाय थकवा, असं तुम्हाला वाटेल. एकतीस घरांच्या चुलींवर पाळीपाळीने चढून बघा आणि मग बोला.

माझा जन्म मुंबईतल्या तांबाकाट्याचा. तांबटाने मला ठोकून ठोकून गोल केलं आणि आतून कथलाची कल्हई दिली. मार्व्याच्या धक्क्यावरून होडीत बसून मी मनोरीला आलो. ख्रिस्ती लोकांचं गाव, मासेमारी आणि थोडी भातशेती. गावाने मला लग्नांसाठी घेतलं होतं. मांडवात माझं मटण खाऊन वऱ्हाडी बोटं चाटायचे. तेव्हा मी भलताच शेफारलो होतो.

मग १९५२ साली देवीची साथ आली. ती ओसरली तेव्हा सात पोरं आईबापांवाचून उरली होती. सहा गावातलीच. सातवी जानकी, पाच वर्षांची. तिचे आईबाप कोकणातून येऊन मिठागरावर राबत होते. ते गेले आणि तिला न्यायला कुणीच आलं नाही. देवळामागच्या, म्हणजे चर्चमागच्या, खोलीत सातही जणांची सोय झाली, सोबतीला म्हातारी मार्सेलिना. फादरांनी मिस्सेत, रविवारच्या प्रार्थनेत, सांगितलं, की अनाथाला जेवू घालणं हीच देवाची भक्ती, आणि जानकीला बाप्तिस्म्याचा आग्रह कुणी करायचा नाही. जेवणाआधी सहा पोरं क्रुसाची खूण करत आणि जानकी नुसते हात जोडून बसे.

जेवणाची व्यवस्था अगदी सोपी होती. ज्याच्या ओट्यावर टोप, त्याची पाळी. त्या घराने माझ्यात सात जणांचं कालवण रांधायचं, खोलीवर पोचवायचं आणि मला घासून शेजारच्या ओट्यावर ठेवायचं. दोन वर्षांत एकही पाळी चुकली नाही. गाव मनाचं मोठं होतं, हे मी कुठेही सांगेन.

पण मित्रांनो, गावाला नाकही मोठं होतं. काळा टोप शेजारी गेला तर शेजारीण काय म्हणेल, ही धास्ती प्रत्येकीला. त्यात उर्सुला सगळ्यांत पुढे. ती मला समुद्राच्या वाळूने आणि काथ्याने घासायची, बाहेरून तर घासायचीच, आतूनही घासायची. तिचं बघून बाकीच्या तीसजणी तेच करू लागल्या. मी लखलखत होतो आणि आतली कल्हई रोज थोडी थोडी वाळूबरोबर निघून जात होती. पूर्वी दर वर्षी लग्नसराईआधी गावकी मला कल्हई करून घ्यायची. आता मी रोज वेगळ्या घरी, एका दिवसाचा पाहुणा. पाहुण्याला कल्हई कोण करणार? ते काम पुढचं घर करील असं प्रत्येक घराला वाटलं.

आता जे सांगायचं आहे त्याची मला लाज वाटते. एका सणाच्या रविवारी कार्मेनची पाळी आली. कार्मेन विधवा होती, एकटीच राहायची. किनाऱ्यावर मासळी निवडायची आणि मजुरीत चार बोंबील, दोन बांगडे घरी आणायची. तिने पहाटे चिंच घालून बांगड्यांचं कालवण केलं. मिस्सेनंतर मिरवणूक निघाली, ती लांबली आणि पोरं दुपार कलल्यावर जेवायला बसली. तोवर ते आंबट कालवण माझ्या उघड्या तांब्याला लागून बसलं होतं. ते बिघडताना मला कळत होतं. टोपाला ओरडता येत नाही.

संध्याकाळी सातही पोरं ओकू लागली. मालाडहून डॉक्टर आणला. सहा जण दोन दिवसांत उठून बसले. जानकी मात्र नऊ दिवस अंथरुणावर होती. खाण्यातून विष गेलं, एवढंच डॉक्टर म्हणाला. गावाने उरलेलं वाक्य स्वतः पूर्ण केलं. कार्मेनने फुकटची शिळी मासळी घातली. हे सगळ्यांत मोठ्याने उर्सुलाच म्हणाली.

त्या दिवसापासून मी कार्मेनचा ओटा ओलांडून पुढे जाऊ लागलो. तिने कुणाला जाब विचारला नाही. माझा मात्र जीव तुटत होता. गावकीतही भीती शिरली. गावकीचे प्रमुख लॉरेन्स पाटील, त्यांनी शहरातल्या एका अनाथाश्रमाला पत्र घातलं आणि उत्तर आलं, की सोमवारी पोरांना घेऊन या. जानकीला अजून नीट चालताही येत नव्हतं. होडीत बसायचं नाही, एवढं एकच ती मार्सेलिनाला सांगत राहिली.

शनिवारी धाकू कल्हईवाला गावात आला. उर्सुलाच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं, म्हणून तिने मला त्याच्यासमोर आणून ठेवलं. धाकूने आत हात फिरवला आणि तिच्याकडे बघितलं.

"बाय, याच्यात कल्हई राहिलीच नाय. यात आंबट शिजवलं तर माणूस जाईल. एवढा घासला कुणी?"

उर्सुलाने आत हात घालून स्वतः चाचपून पाहिलं. तिचा चेहरा उतरला. कल्हई होईपर्यंत ती तिथेच उकिडवी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर तिने मला डोक्यावर घेतलं आणि सगळ्या गावासमोरून कार्मेनच्या ओट्यावर आणून ठेवलं.

"कार्मेन, तुजी मासळी ताजी होती. टोप आमी खराब केला. उद्या पोरांच्या वाटेची शिदोरी तू कर. तुजी पाळी तुला परत."

"मासळी ताजी होती, मना म्हायती हाय," कार्मेन म्हणाली. तिने मला हातही लावला नाही. "पाळी नको मना. जानकीला मना दे."

लॉरेन्स पाटील म्हणाले, तुझंच पोट भरताना मारामार. ती म्हणाली, मग दोघींची मारामार होईल. ती थेट खोलीवर गेली आणि जानकीला कडेवर घेऊन घरी आली. मग उर्सुलानेही एक मुलगा घरी नेला आणि पाटलांनी एक. उरलेले चौघे सोमवारी होडीत बसले. गावाला टोप फिरवणं जमलं होतं, पोर घरात घेणं सगळ्यांना जमलं नाही. मी त्यांना दोष देत नाही, पण विसरतही नाही.

आता मी देवळाच्या पडवीत पालथा पडून असतो. समोरच कार्मेनचं घर आहे. ती मातीच्या मडक्यात रांधते. वाढण्याआधी स्वतः दोन घास खाते, थोडा वेळ थांबते आणि मगच जानकीच्या ताटात वाढते. मित्रांनो, तुमच्या गावातही असं एखादं लेकरू असेल. त्याला नुसतं वाढू नका, आधी चाखून बघा. ते चौघे आता कुणाच्या हातचं जेवत असतील आणि त्यांच्यासाठी कुणी चाखून बघत असेल का, हे मला ठाऊक नाही.