पाठराखीण

लेक दीपालीला पुतणी प्राचीची करवली केलं तर आपल्या पदरात काय पडेल, हे सुरेखानं प्राचीच्या साखरपुड्याच्या पंगतीतच, ताटातली जिलेबी संपायच्या आत मोजून ठेवलं होतं. पहिला फायदा जावई. नवरदेवाचा धाकटा भाऊ श्रेयस साताऱ्यात बापाच्या दुकानाला लागूनच टाइल्सचं दालन चालवायचा, तोंडात सुपारीचं खांडही नसायचं, आणि वाढायला उठला तर म्हाताऱ्यांच्या रांगेपासून सुरुवात करायचा. दुसरा फायदा जावेशी बरोबरी. तिची लेक त्या घरची थोरली सून, आपली धाकटी, मग कोण कुणाला पाण्यात बघणार? तिसरा फायदा मनातल्या मनातही मोठ्यानं म्हणण्यासारखा नव्हता. आष्ट्याहून ती सांगलीला दिराच्या घरी गेली की तिला "आलीस व्हय" म्हणायचे. "या" कुणी म्हणायचं नाही. सम्मेद, तिचा नवरा, कुपवाडच्या कारखान्यात सुपरवायझर. थोरला दीर पायगोंडा, प्राचीचा बाप, सांगलीत हळदीचा मोठा व्यापारी. "आलीस"चं "या" व्हायला साताऱ्याचा एवढा एक जावई पुरणार होता.

खर्चाच्या बाजूला तिला काहीच दिसत नव्हतं.

आडवी आली ती प्राचीच. तिनं मोबाईलवर कुठल्याशा लग्नातले फोटो बघितले होते. नवरीमागं मैत्रिणींची रांग, सगळ्यांचा रंग एकच.

"काकू, मला पाच करवल्या पाहिजेत. पिस्ता कलरचे घागरे. आणि प्रत्येकीला माझ्याकडून गिफ्ट बॉक्स."

"पाच? आगं, करवल्या हायत का बँडवाले?"

बॉक्सात काय काय होतं! पाठीवर 'करवली' असं भरतकाम केलेला गाऊन, अत्तराची बाटली, काचेच्या बांगड्या, जरीच्या मोजड्या. आपल्या लग्नात आपल्या करवलीला एक ब्लाउजपीस मिळाला होता आणि तोही आपल्याच आईनं परत मागून घेतला होता, हे सुरेखाला आठवलं. पण ती वेगळ्याच काळजीत होती. पाच पोरी एकसारख्या दिसल्या तर विहीणबाईंच्या नजरेत आपली कशी भरायची?

तिनं तोड काढली. "घागरं पाचजणींनी घाला बाई, हौस हाय. पण लग्नाआधी बस्तीत, देवापुढं, विधानाची पूजा हाय; तिथं कलश घ्यायचा तो घरच्या बहिणीनं. आणि पाठराखीण म्हणून साताऱ्याला दीपालीच जाईल. तिथं मैत्रिणी चालत न्हाईत."

पाठराखीण म्हणजे नवरीबरोबर सासरी जाऊन चार दिवस तिच्या सोबतीला राहणारी. चार दिवस विहीणबाईंच्या, राजमतीताईंच्या डोळ्यांपुढं! पोरगी पाणी कसं देते, आवाज किती करते, देवापुढं कशी बसते, सगळं त्यांना आयतं बघायला मिळणार. स्थळ सांगून येण्यापेक्षा हे किती बरं, असं सुरेखानं सम्मेदला सांगितलं. तो म्हणाला, "तू निवडणुकीला का उभी राहत न्हाईस?"

राजमतीताई म्हणजे नवरदेवाची आई. बोलायला गोड आणि सोवळ्याला कडक. त्यांच्या घरातच चैत्यालय, म्हणजे छोटं जैन मंदिर होतं, रोजचा अभिषेक होता. साखरपुड्यालाच त्यांनी हसत हसत सगळ्या बायकांना ऐकवलं होतं, "आमच्याकडं अडचण असली की मागच्या खोलीत बसायचं. त्रास काही नाही हो, टीव्हीसुद्धा लावून दिलाय."

सुरेखानं घरी येऊन कॅलेंडर काढलं. दीपालीच्या पाळीची तारीख नेमकी विधानाच्या दिवसांत पडत होती. पुढं ढकलली तर हळदीत. आणखी ढकलली तर साताऱ्यात, त्या मागच्या खोलीत, टीव्हीसमोर.

मग काय, गोळ्या. त्यात नवीन काही नव्हतं. सुरेखानं स्वतः व्रताच्या उद्यापनाला घेतल्या होत्या, जावेनं वास्तुशांतीला घेतल्या होत्या, निम्म्या आष्ट्यानं कशा ना कशाला घेतल्या असतील. मेडिकलमधला पोऱ्या चिठ्ठी मागत नाही, वर बघतही नाही, खाकी पाकिटात घालून देतो. दीपालीनं विधानाआधी सुरू केल्या; बायकांचं ते, सम्मेदच्या कानावर घालायचं कारण नव्हतं. विधान झालं, कलश तिच्याच हातात होता आणि राजमतीताईंनी वळून दोनदा बघितलं.

"आता बंद करू?" दीपालीनं विचारलं.

"आता बंद केल्यास तर हळदीत बसशील कोपऱ्यात. साताऱ्याहून आलीस की कर बंद."

"लय दिवस झाले की गं आई. पोटात मळमळतंय."

"मळमळतंय तर लिंबू चोख. नवरीपेक्षा नखरा जास्त तुझा."

दीपाली बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. वाद घालायचा कंटाळा करणारी पोरगी. श्रेयसबद्दल विचारलं तेव्हा "बरा आहे" एवढंच म्हणाली होती, पण म्हणताना ओढणीचं टोक दातात धरलं होतं. सुरेखाला तेवढं पुरे होतं.

घागरे माधवनगरला फरीदाकडं शिवायला टाकले होते. शेवटचं माप बघायला मायलेकी गेल्या, तेव्हा फरीदानं सगळं घालून बघायला लावलं, मोजड्यांसकट, म्हणजे घागऱ्याची उंची कळते. उजवी मोजडी गेली. डावी टाचेपाशी अडली.

"वैनी, हिचा एक पाय सुजलाय बघा," फरीदा दोरा तोडत म्हणाली.

"नाचाची प्रॅक्टिस चाललीय ना. संगीत का काय ते. दिवसभर उड्या."

"उड्या दोन पायांनी मारतात की."

दीपाली हसली. फरीदाही हसली, पण पोटरीला हात लावून म्हणाली, "गरम लागतंय. दाखवा की एकदा कुणाला. दोन दिवसांवर लग्न आलं."

दोन दिवसांवर लग्न आलंय म्हणूनच तर दाखवायला वेळ नाही, हे या बाईला कसं कळत नाही? सुरेखाला वाटलं, घागरे तयार नाहीत म्हणून ही विषय बदलतेय. "तुमी हुकं लावा," ती म्हणाली. "आणि लग्नादिवशी सकाळी कार्यालयात या, काय उसवलं-बिसवलं तर." डाव्या पायासाठी घरी आल्यावर तिनं मोजडीची मागची शिवण ब्लेडनं उसवून दिली. रात्री पोटरीला आयोडेक्स चोळलं. ते मात्र मायेनं चोळलं, बराच वेळ.

लग्नाच्या सकाळी सांगली-आष्टा रस्त्यावरच्या कार्यालयात गर्दी मावत नव्हती. नवरीची खोली वरच्या मजल्यावर. दीपाली जिना चढून आली आणि दारातच भिंतीला टेकली. ओठ पांढरे पडलेले.

"आई, दम लागतोय. छातीत टोचतंय."

"खाल्लंयस का सकाळपास्नं काय? ॲसिडिटी हाय ती." सुरेखानं तिच्या ओठांवर लिपस्टिक फिरवली, गालावर पावडर. "एवढी अक्षता पडू दे. मग झोप लागल तेवढी."

खाली वरात दाराशी आली. पाचही पिस्ता घागरे दिवे घेऊन जिना उतरले. चार खाली पोचले. पाचवा मधल्याच पायरीवर बसला आणि मग आडवा झाला. दिवा गडगडत खाली गेला, कुणीतरी "गेला, गेला, तेल सांडलं" म्हणून ओरडलं. सम्मेद धावला. फरीदा सुईदोरा हातात तसाच घेऊन धावली. दोघांनी उचलून मागच्या दारानं गाडीत घातलं.

सुरेखाही निघाली होती. गाडीपर्यंत गेली होती. एक पाय आत होता. तेवढ्यात मागून राजमतीताईंचा आवाज आला, "अगं, आमची पाठराखीण कुठं आहे? फोटोला हवी की."

"तू थांब हितंच," सम्मेद म्हणाला. "दोघीपण गेलात तर बोभाटा हुईल. उपाशी हाय, सलाईन लावून आणतो."

सुरेखानं पाय बाहेर घेतला. वळली तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं. "जरा चक्कर आली विहीणबाई. उपास धरला होता तिनं, प्राचीसाठी. येतीय इतक्यात."

उपास! हे आपल्याला ऐन वेळी कसं सुचलं, याचं त्या घाईतही तिला बरं वाटलं. राजमतीताईंचा चेहरा फुलला होता.

मग सम्मेदचा फोन आला. गुरुजींनी अंतरपाट मागवला होता, बँड चालूच होता. सुरेखानं एका कानात बोट घातलं. राजमतीताई तिच्या कोपराशी उभ्या, हातात अक्षतांची वाटी.

"सुरेखा, डॉक्टर विचारतायत, दीपीला गोळ्या कसल्या चालू हुत्या का? झोपंच्या, वजन कमी करायच्या, पाळीच्या, कसल्याबी. आत्ता सांग म्हणतायत."

राजमतीताईंनी मान तिरकी केली. "काय झालं हो? कसल्या गोळ्या?"

हो म्हणायला एक शब्द लागला असता. पण त्या एका शब्दामागून सगळंच बाहेर आलं असतं: विधानाचा कलश, तारखा, गोळ्यांच्या आडोशानं देवाजवळ उभी केलेली पोरगी. चैत्यालयाच्या घरात ते खपणार नव्हतं.

"न्हाई," सुरेखा म्हणाली. "कसल्या गोळ्या? काय न्हाई."

"नक्की?"

"न्हाई म्हटलं ना."

फोन ठेवल्या ठेवल्या तिनं ठरवलं, या जरा बाजूला झाल्या की परत लावायचा आणि सांगायचं. त्या बाजूला झाल्या नाहीत. उलट त्यांनी तिचा हात हातात घेतला. "सुरेखाताई, एक बोलू? चार दिवस कशाला, आम्ही तुमच्या दीपालीला जास्तच ठेवून घेणार आहोत. श्रेयसच्या मनात आहे. माझ्या तर विधानापासून आहे. हे कार्य पार पडलं की बसू."

म्हणजे झालं होतं. सगळं जसंच्या तसं पदरात पडलं होतं. "पाणी पिऊन आले," म्हणून सुरेखा मुदपाकखान्याच्या बोळात पळाली आणि सम्मेदला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा फरीदानं उचलला आणि नुसतीच रडत राहिली.

"फरीदा, त्यांला दे. गोळ्यांचं सांगायचंय."

"आता कुणाला सांगताय वैनी," फरीदा म्हणाली.

पायगोंडा बोळाच्या तोंडाशी उभा होता. डोक्याला फेटा, डोळे लाल. त्याला सम्मेदनं आधीच कळवलं होतं. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीला कधी हात लावला नव्हता; आज त्यानं तिचा दंड धरला आणि आवाज खाली घेतला.

"सुरेखा, बाई, मी तुझ्या पाया पडतो. रक्ताचं सुतक हाय, लग्न उभंच राहत न्हाई. साताऱ्याची माणसं वऱ्हाड घेऊन माघारी जातील. एवढी अक्षता पडूस्तवर... रडू नकोस. त्यांला कळाय नको."

तो स्वतः रडत होता. दीपाली लहानपणी त्याच्याच खांद्यावर बसून जत्रा बघायची.

सुरेखानं पदर तोंडात कोंबला, मग काढला, नीट केला. ती मंडपात परत गेली आणि राजमतीताईंच्या शेजारीच उभी राहिली, कारण दुसरीकडं कुठं उभी राहिली असती तर चुकल्यासारखं दिसलं असतं. मंगलाष्टकं सुरू झाली. तिनं इतरांबरोबर हात उचलला, इतरांबरोबर अक्षता टाकल्या. व्हिडिओत दिसतं ते: पाच-सहा वेळा हात वर जातो, बरोबर तालावर. राजमतीताई तिच्याकडं बघून हसतात. तीही हसते.

शेवटचा "सावधान" झाला आणि मग ती खाली बसली.

दवाखान्यात म्हणे आधी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं, मग पॅनिक ॲटॅक म्हणाले, मग मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले, तोवर वेळ गेली होती. पुढं एका ओळखीच्या डॉक्टरनं सांगितलं, पायात रक्ताची गाठ झाली असणार आणि ती वर फुप्फुसात गेली. नुसता संशय आला असता तरी वेगळं इंजेक्शन दिलं असतं, वाचलीही असती कदाचित. सम्मेदनं विचारलं, "संशय कशावरनं येतो?" ते कारणं सांगायला लागले, तेव्हा सुरेखा चहा ठेवायला उठली. पहिलं कारण काय सांगितलं ते तिला स्वयंपाकघरात ऐकू आलं. सम्मेदचं उत्तरही ऐकू आलं. "न्हाई, गोळ्या-बिळ्या काय न्हवत्या. हिला मी विचारलं हुतं."

आता जमाखर्च एवढा. प्राची साताऱ्यात नांदतेय, सुखात आहे. पायगोंडाची अब्रू राहिली, आणि सुरेखा दारात दिसली की तो उठून "या" म्हणतो. राजमतीताई भेटायला आल्या, पोरगी शांत होती म्हणाल्या, डोळे पुसले. श्रेयसचं नंतर जमलं, उरलेल्या चौघींतल्याच एकीशी. फरीदानं दीपालीच्या घागऱ्याची शिलाई घेतली नाही. सम्मेद समजतो की चुकलं ते त्याचंच, जवळ पडला म्हणून तो छोटा दवाखाना गाठला, अजून कारखान्यातून येताना तो त्या रस्त्यानं येत नाही, लांबून वळसा घालतो, आणि जेवताना मधेच घास ठेवून म्हणतो, "सरळ मोठ्याकडं न्हेली असती तर?" सुरेखा त्याला भात वाढते.

दीपालीनं सगळं एकदम भरलं. सम्मेद रोज थोडं थोडं भरतो, जे त्याच्या अंगावर कधी नव्हतंच. सुरेखाकडं अजून कुणी मागायला आलेलं नाही.