माहेरी जगलेली बाळं

मी तोंडाची फटकळ. देवचंद सरांनाही सोडत नाही. त्या सकाळी मीच त्यांना ऐकवलं, "सर, तुमचं गणित घाला चुलीत. मी माझ्या पुष्पाला बाळंतपणाला आणतेय. भाऊ गेलाय घ्यायला."

सत्त्याऐंशी साल. सर आमच्या पाहणीचे प्रमुख, आणि मी गावोगाव दारं ठोठावणारी. बाळ कुठे झालं, जगलं का, एवढंच विचारायचं. माहेरी झालेली बहुतेक जगली होती. सासरी झालेली, न जगलेली बाळं आठवली की जेवण जायचं नाही. पुष्पाला आठवा लागलेला, पाय सुजलेले, सासर अमळनेरच्याही पुढे आडगावात.

सर हसले नाहीत. "कलाताई, माहेरी कोण जातं?"

"जिला पाठवतात ती."

"आणि कोणाला पाठवत नाहीत?"

पाहणीत भेटलेल्या बेबाबाई आठवल्या. सुनेचं डोकं ठणकलेलं, मग झटके आले, सासरीच बाळ गेलेलं. चहा देता देता म्हणाल्या होत्या, "पाय सुजलेले, एसटीत कशी बसवणार?" तसंच दुसरीकडे, तिसरीकडे. दुखण्याबद्दल आम्हाला विचारायचंच नव्हतं, म्हणून मी ऐकलं आणि सोडून दिलं. अगं बाई! धडधाकट होत्या त्याच माहेरी गेल्या होत्या.

"आधी तुम्हाला काय वाटायचं?" सरांनी विचारलं.

"सूज आलेल्या बाईला हलवू नये. माझी आई सांगायची."

"मग अर्धवट माहितीवर ते मत थोडंसंच बदलायचं. तुम्ही पार उलटं केलंत. घर कुठलंही असो, धोका त्या सुजेचाच."

पुष्पाच्या गावात फोन नव्हता. चपला सरकवून मी धुळ्याच्या स्टँडवर धावत सुटले. देवा, त्यांची गाडी चुकू दे. विहीणबाईंनी तिला अडवून धरलेलं असू दे. आजवर त्या बाईचं एक ऐकलं नव्हतं, आज तिच्यासाठी हात जोडत होते.

गाडी लागली. आधी माझा भाऊ निंबा उतरला. "अक्का, बठ्ठं बरं शे." म्हणे सगळं ठीक.

मागून पुष्पा. तोंड इतकं सुजलेलं की पोटच्या पोरीला मी क्षणभर ओळखलं नाही.

"सासूबाई सोडतच नव्हत्या," ती म्हणाली. "मी म्हटलं, माझी आई घरोघर विचारून आलीय. तिला सगळं ठाऊक आहे."

तिला रिक्षात बसवलं, निंबाला पुढे कोंबलं आणि ओरडले, "सरकारी दवाखाना!"

"घरी नाही?" पुष्पा हिरमुसली. "आता माहेरी आले ना? मग कसली भीती?"

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. डोकं ठणकतंय म्हणाली. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून खुदकन हसली.

"गंमतच आहे. आई, तू मला दोन दोन दिसतेस."

मी रिक्षावाल्याच्या पाठीत गुद्दा घातला. "पळव ना रे मेल्या, पळव!"