मासोळी आणि ट्रंक

टिल्लू हे नाव ताईनंच ठेवलेलं. पाळण्यात तो मुठीएवढा दिसायचा म्हणून. पुढे तो वाढत वाढत दाराच्या चौकटीला डोकं आपटण्याइतका उंच झाला, बसचा ड्रायव्हर झाला, बायकोचा नवरा झाला, पण ताईच्या लेखी टिल्लू तो टिल्लूच राहिला. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. त्याचं नाक पुसण्यापासून लग्न जमवण्यापर्यंत सगळं ताईनंच निस्तरलं. त्यामुळे त्याच्यासाठी काय बरं, काय वाईट हे ठरवायची तिला इतकी सवय लागली होती की ती सवय आहे हेसुद्धा तिच्या ध्यानात यायचं नाही.

ताई एका मालवाहतुकीच्या कंपनीत होती. गोदामाच्या कोपऱ्यात काचेची खोली, टेबलावर दोन फोन, आणि समोर दिवसभर ट्रकांची ये-जा. कुठला माल कुठल्या गाडीत चढवायचा, कुठली गाडी किती ओझं ओढेल, हे तिला गाडीकडे न बघता सांगता यायचं. एखादा ड्रायव्हर नव्या चकचकीत गाडीसाठी हट्ट धरून बसला, की ती म्हणायची, "दिसण्याला काय चाटायचंय? चढावर दम टाकते का ते सांग." तिचा नवरा एकदा म्हणाला, म्हणजे मलाही तू असंच निवडलेलं दिसतंय. ती म्हणाली, हो, आणि अजून चालतोयस की नाही?

बहीणभाऊ आता वेगवेगळ्या शहरांत राहत होते. फोन व्हायचे, पण ते जेवलास का, जेवलो, बरं ठेवते, एवढ्यावर उरकायचे. मग एका भेटीत टिल्लूनं ताईच्या कॉम्प्युटरवर एक गेम घालून दिला. अंतराळातला. या तळावरून माल उचलायचा, त्या तळावर पोचवायचा, वाटेत चाचे आले तर त्यांना चुकवायचं. एका जहाजात दोघांना बसता येई आणि कानाला हेडफोन लावले की बोलताही येई. नवरा हसला. आठवडाभर माल हलवतेस आणि सुट्टीच्या दिवशीही मालच हलवणार, म्हणाला. पण रविवारची दुपार त्यानं मोकळी सोडली. जेवणं उरकली की ताई खोलीचं दार लोटून घ्यायची आणि भावाशी पोटभर बोलायची. माल हलत राहायचा.

त्यांचं पहिलं जहाज म्हणजे नुसती डबी. त्यावर वर्षभर खेपा मारून त्यांनी मोठं जहाज घेण्याइतकी कमाई जमवली, आणि एका रविवारी दोघं गेममधल्या गोदीत जहाजं बघायला गेली. तिथे जहाजाभोवती, पोटाखालून, पार शेपटीपर्यंत चालत फिरता यायचं.

दोन जहाजं त्यांच्या ऐपतीत बसत होती. एक होतं चौकोनी, काळपट, कडेला रिबिटं मारल्यासारखं. ताई म्हणाली, ही तर आजोबांची ट्रंक. दुसरं लांबलचक आणि निमुळतं. पांढुरक्या अंगावर निळसर झाक, आणि शेपटीकडे असं वळलेलं की उभं असूनही पोहत असल्यासारखं वाटावं. टिल्लूनं त्याचं नाव मासोळी ठेवलं.

ताईनं दोन्हींची माहिती उघडून वाचायला सुरुवात केली. ट्रंकेत माल दुप्पट मावतो. ट्रंकेचं कवच जाड. मासोळीला इंधन जास्त लागतं, वळायला वेळ लागतो, तोफा कमी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तिनं एकेक मुद्दा सांगितला आणि टिल्लू हं, हं करत राहिला. त्याची आकृती मासोळीच्या नाकापाशी उभी होती, मग शेपटीपाशी गेली, मग परत नाकापाशी आली.

"ताई, रोज बघणार आपणच ना तिला," तो म्हणाला.

"बघायला भिंतीवर चित्र लाव की. आपल्याला खेपा मारायच्यात."

तो म्हणाला, आणखी एक चक्कर मारतो. ताईनं थोडी वाट पाहिली, मग म्हणाली की गोदी काही बंद होत नाही, पण माझी सुट्टी संपते. तेव्हा तो परत आला. तिनं ट्रंक घेतली. घेऊ ना, असं विचारलं होतं, पण बटण दाबून झाल्यावर.

ताईचं काही चुकलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ट्रंक खरंच गुणाची निघाली. माल भरून उडायची, मार खायची आणि तरी पोचायची. चुका व्हायला लागल्या त्या टिल्लूच्या. जहाज चालवायचं काम त्याचं, कारण तो हाडाचा ड्रायव्हर. पण तळावर शिरताना तो जहाजाची कड खांबाला घासू लागला. डावीकडून चाचे अंगावर येईपर्यंत त्याला पत्ता नसायचा. एकदा भरला माल गेला आणि ताईचा तोल सुटला.

"अरे, डोळे कुठे असतात तुझे? बस कशी चालवायचास तू?"

तो म्हणाला, "चुकलं ताई."

बस चालवणं त्यानं नुकतंच सोडलं होतं. आगारात चौकशीच्या खिडकीत काम मागून घेतलं होतं. पाठ दुखते, असं तिला सांगितलं. त्यावरूनही ताईनं त्याला सुनावलं होतं की तुझ्या वयात माणसं बढती मागतात, तू खिडकीत काय बसतोस.

माल गेल्यानंतर तिनं ठरवून टाकलं की यापुढे जहाज ती चालवेल. टिल्लूला तिनं मागे इंजिनाच्या खोलीत बसवलं. त्या खोलीला खिडकी नव्हती, समोर फक्त काटे होते. काटा लाल पट्टीकडे सरकला की दांडा खाली ओढायचा, एवढंच काम. तो मागे जाऊन बसला. त्यानंतर खेपा बिनचूक होऊ लागल्या आणि ताईला वाटलं, बघ, प्रत्येक माणसाला त्याच्या जोगतं काम दिलं की गाडी कशी रुळावर येते.

काही महिन्यांनी टिल्लू रविवारी येईनासा झाला. म्हणाला, एका वर्गाला नाव घातलंय, थोडे दिवस जमणार नाही. कसला वर्ग, हे त्यानं सांगितलं नाही. ताईनंही विचारलं नाही, कारण तिला राग आला होता.

मग एके सकाळी गोदामात भावजयीचा फोन आला. एरवी ती सणासमारंभालाच फोन करणारी. ती म्हणाली, ताई, मी सांगितलं असं यांना कळू देऊ नका, पण आता माझ्याच्यानं पोटात ठेवणं होत नाही. मग तिनं सांगितलं. टिल्लूची नजर जात होती. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेनं वाळत जातो. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूचं दिसेनासं होतं, आणि मधे उरतं ते नळीतून बघावं तसं. औषध नाही. मधलं किती वर्षं टिकेल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

"कधी कळलं हे?" ताईनं विचारलं.

"तुम्ही ते मोठं जहाज घेतलंत ना, त्याच्या आदल्या आठवड्यात."

बाहेर कुणीतरी ट्रकचा भोंगा वाजवत होतं आणि ताईला उठून त्याला गप्प करावंसं वाटत होतं. भावजय सांगत होती. त्या रविवारी तुमचा गेम संपल्यावर हे तसेच खुर्चीत बसून राहिले. म्हणाले, एक देखणी गोष्ट होती, डोळे भरून बघून घ्यायची होती, राहून गेली. मी म्हटलं, मग ताईंना सांगायचं ना. तर म्हणाले, ताईनं आकडे दाखवले, आणि आकडे खरे होते.

त्यानंतरचे कितीतरी दिवस ताई वरवर कामं करत राहिली. माल चढत होता, उतरत होता. मधेच तिला आपलाच आवाज ऐकू यायचा, डोळे कुठे असतात तुझे, आणि ती हातातलं काम तसंच ठेवून पाणी प्यायला जायची. नवरा म्हणाला, तुला ठाऊक थोडंच होतं? ती म्हणाली, ठाऊक करून घ्यायला वेळ कुठे होता मला.

पण हातावर हात ठेवून बसणं तिच्या रक्तात नव्हतं. काहीतरी करायला हवं होतं आणि तिला एकच गोष्ट सुचली. रोज संध्याकाळी गोदामातून आली की ती एकटीच खेपा मारू लागली. तरी मासोळीची किंमत भरेना. तेव्हा तिनं ट्रंक विकली. मासोळी तिच्या नावावर झाली त्याच आठवड्यात तिनं रजा टाकली, कॉम्प्युटर पिशवीत घातला आणि भावाचं घर गाठलं.

टिल्लूनं दार उघडलं आणि तिच्या चेहऱ्यावर नजर स्थिरावायला त्याला जरा वेळ लागला. दाराआड पांढरी काठी टेकवून ठेवलेली होती. ताईच्या चेहऱ्याकडे बघूनच त्याला समजलं असावं. तो बायकोकडे वळून एवढंच म्हणाला की सांगितलंस ना शेवटी. मग ताईच्या हातातली पिशवी घेऊ लागला आणि त्याचा हात पिशवीच्या शेजारून गेला.

दुपारी त्यांनी कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीला जोडला. ताईनं मासोळी गोदीत उभी केली. संबंध पडद्यावर ती पसरली होती, नाकापासून शेपटीपर्यंत.

टिल्लू पुढे सरकून बसला. त्याची मान डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरत होती. मग त्यानं खुर्ची मागे ओढली. आणखी मागे ओढली. शेवटी तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसला. ताईला आधी कळलं नाही, मग कळलं. जवळून त्याला जहाजाचा टीचभर तुकडा दिसत होता. लांब गेल्यावर जास्त मावत होतं, पण तिथून अंगावरची निळसर झाक विरून जात होती. ती आख्खी अशी त्याला कुठूनच दिसत नव्हती.

"छान आहे," तो म्हणाला. "शेपटी छान आहे."

भावजय चहा ठेवायला आत गेली.

"आणि ट्रंक?" त्यानं विचारलं.

"विकली. त्याशिवाय ही येत नव्हती."

तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ताईला बरं वाटलं असतं.

"मला वाटलं होतं, ती असेल. काठीनं चालायला शिकायचा वर्ग असतो, रविवारी. तो संपला की परत यायचं ठरवलं होतं मी. मागच्या खोलीत माझं छान चालायचं गं. काटे सगळे समोरच होते. खिडकी नव्हती, त्यामुळे काही सुटतंय असंही वाटायचं नाही."

"आणि हिच्यात?"

"हिच्यात काटे चार बाजूंना आहेत. मी तेव्हाच पाहिलं होतं. काम करायला नव्हतीच मागितली मी ही. तेव्हा नुसती बघायची होती."

ताईनं डोळ्याला पदर लावला. तिला दोन्ही वेळा बटण दाबणारं आपलं बोट आठवलं. पहिल्यांदा त्याला बघायचं होतं, तेव्हा तिनं कामाचं जहाज घेतलं. आता त्याला काम करता येण्यासारखं होतं, तर ती बघायचं जहाज घेऊन आली होती. वरातीमागून घोडं, आणि तेही दुसऱ्याच वरातीचं. आणि या सगळ्यात त्याला विचारायला एका फोनाचं अंतर होतं. तो फोन तिनं केला नव्हता.

"मला विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो," टिल्लू म्हणाला.

लहानपणापासून त्यानं तिला असं कधी म्हटलं नव्हतं. चहा आला. तिघांनी तो पडद्याकडे न बघता घेतला.

मासोळी विकायला गेलं तर गोदी निम्मीच किंमत द्यायची, आणि तिच्यातले चार बाजूंचे काटे टिल्लूला जमणारे नव्हते. म्हणून ट्रंक परत घ्यायला दोघांनी पुन्हा जुन्या डबीतून खेपा सुरू केल्या; ताई चालवते, टिल्लू काटे बघतो. टिल्लूचा वर्ग संपल्यामुळे रविवार आता दोघांचाही मोकळा होता. कुठल्या तळावर जायचं, कुठला माल घ्यायचा, हे ताई आधी विचारते. कधीकधी सवयीनं आधीच ठरवते आणि मग जीभ चावते. तो हसतो. पण ट्रंकेची किंमत मोठी आहे, डबीची कमाई थोडी आहे, आणि त्याच्या डोळ्यांना थांबायला सवड नाही. हे दोघांनाही माहीत आहे.

परवाच्या रविवारी तो म्हणाला की मधला काटासुद्धा हल्ली एका नजरेत सापडत नाही, शोधावा लागतो. ताई म्हणाली, शोध सावकाश. आणि तिनं जहाजाचा वेग कमी केला. मागून एकेक जहाज त्यांना ओलांडून पुढे जात राहिलं.