गार्डाची तार

"ह्येचाबी बेस हलतोय." पिराजी सुतारांनी दुसरं कटर मशीनही फळीवरून उचलून बाजूला ठेवलं. "तिसरं काढ."

लक्ष्मीपुरीतल्या मशिनरीच्या दुकानामागच्या अंगणात दोन लाकडी घोड्यांवर एक फळी आडवी टाकली होती. फळीवर रंगाच्या दोरीनं मारलेल्या निळ्या रेघा होत्या. दोरीचं एक टोक पिराजींनी धरलं होतं, दुसरं त्यांच्या बायकोनं, बाळाबाईंनी. दोरी ताणून सोडली की रेघ सरळच उठते, मग हात कसाही असो. पण त्या रेघेवरून कटर चालवताना दोन्ही वेळा पातं मध्येच बाहेर पळालं होतं. दुकानदार सम्राटनं ते बघितलं होतं. तो पिराजींना लहानपणापासून ओळखायचा. तो तिसरं मशीन आणायला आत गेला.

पिराजींनी उजवा हात खिशात घातला.

"त्ये पाच इंची पात्याचं बघा की," बाळाबाई फळीवर ठेवलेल्या लहान मशीनकडे बोट करत म्हणाल्या. "हलकं हाय."

"त्ये फळकुटं कापायचं खेळणं. छपराला सात इंचीच पायजे."

छपरांत त्यांचा जन्म गेला होता. मलकापूरच्या बाजूला पावसाचा मुलूख, तिथं वासा वाशाला नीट भिडला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात घर गळायला लागतं. पिराजींचं छप्पर गळालं, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. गेल्या आठवड्यात मात्र तिथल्याच एका घराचे चार वासे वाकडे कापले गेले आणि घरमालक तोंडावर म्हणाला, "मिस्त्री, लाकूड काय फुकट आलंय व्हय?" पिराजींनी सगळं खापर जुन्या मशीनवर फोडलं. घरी येऊनही तेच सांगितलं. बाळाबाई "आसंल" म्हणाल्या आणि त्यांनी चहा पुढं केला. हल्ली त्या अर्धाच कप भरायच्या.

लेक जयसिंगपूरला नांदायला गेली, तेव्हापासून बाळाबाई कामावर सोबत यायच्या. वासे धरायच्या, उलटायच्या. पिराजी भाकरी खायला बसले की राहिलेले तुकडे कटरनं स्वतःच पाडायच्या. लोक हसायचे. पिराजीही "आमची मिस्त्रीण" म्हणून हसण्यावारी न्यायचे, पण त्यातही थोडा अभिमान असायचा.

सम्राटनं तिसरं मशीन आणलं. सगळ्यात दणकट. पिराजींनी ते दोन्ही हातांनी धरलं, श्वास रोखला आणि बटण दाबलं. वीतभर पातं रेघेवरून नीट गेलं. मग मनगटातून ती ओळखीची थरथर आली. पातं तिरकं होऊन फळीत अडकलं, मशीन उसळलं आणि मागं आलं, थेट मांडीकडे. तेवढ्यात पात्यावरचं स्प्रिंगचं झाकण, गार्ड, खटकन मिटलं.

पायजम्याला नुसता ओरखडा गेला. सम्राटनं धावत जाऊन वायर उपटली.

"ह्येचा बेस..." पिराजी म्हणाले.

मग बाळाबाईंनी पदर खोचला. ते पाच इंची मशीन उचललं, वायर लावली आणि शेवटच्या रेघेवर टेकवलं.

"ठेव त्ये खाली!" पिराजी ओरडले. परक्या माणसादेखत त्यांचा आवाज असा कधी चढला नव्हता.

बाळाबाईंनी ऐकलं नाही. मशीन एका लयीत चाललं. तुकडा खाली पडला.

पिराजी रागारागानं पुढं आले, पण त्यांनी तुकडा उचलला तो सवयीनं. कापावरून अंगठा फिरवला. निळी रेघ टोकापर्यंत कडेला तशीच होती.

"शेवटाला हात ढिला पडलाय तुझा," ते म्हणाले.

"पडला आसंल."

"वासा अडीच इंची हाय. ह्ये पार जायचं न्हाय त्येच्यातनं."

"एका अंगानं मी कापते. मग उलटायचा, दुसऱ्या अंगानं कापायचं." बाळाबाई थांबल्या. "उलटायला तुमी हायसा की."

आजवर वासा त्यांनी कापला होता आणि तिनं उलटला होता. त्यापेक्षा तिनं शिवी दिली असती तरी चाललं असतं.

"कधीपास्नं ठावं हाय तुला?" त्यांनी हळूच विचारलं.

"कप बशीवर वाजायला लागला तवापास्नं. म्हणून तर चा अर्धाच वततीया."

पिराजींनी हातातला तुकडा फळीवर ठेवला. मग म्हणाले, "सम्राट, पाच इंची बांध."

सम्राटला हायसं वाटलं. लगबगीनं त्यानं मशीन घेतलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली तार काढली. नवं मशीन घेतलं की त्याचं गार्ड मागं ओढून तारेनं कायमचं बांधून टाकायचं, ही पिराजींची जुनी रीत होती. गार्डामुळं रेघ दिसत नाही आणि कसलेल्या मिस्त्रीला ते शोभत नाही, असं ते भल्याभल्यांना सुनवायचे. सम्राटनं विचारलंसुद्धा नाही. गार्ड मागं ओढून तारेचा पहिला पीळ दिला.

"न्हाय," पिराजी म्हणाले. "तार काढ."

"अवो मिस्त्री, तुमीच म्हणतासा की, रेघ दिसत न्हाय म्हणून."

"मला दिसत नव्हती." पिराजींनी स्वतःच तो पीळ सोडवायला घेतला. तार बोटांत नीट येईना, दोनदा निसटली. दोघंही मध्ये पडले नाहीत. शेवटी पीळ सुटला आणि गार्ड खटकन पात्यावर बसलं. "आता चालवणार ही हाय."

सम्राटनं मशीन खोक्यात भरलं. ते घ्यायला पिराजींनी उजवा हात पुढं केला. हात थरथरत होता. त्यांनी तो खिशात घातला नाही.

खोका काही जड नव्हता, तरी दुसऱ्या बाजूनं बाळाबाईंनी हात लावला.