उरलेला मेंढा

"या देशाचे राजे आजपासून मोजले जातील आणि त्यातला पहिला मी," नव्या राजाने देवळाच्या अंगणात जाहीर केलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. अडचण एवढीच होती, की हत्तुशा राजधानीत राजे मोजायची एकच यादी होती आणि ती मेलेल्यांची होती. मेले असं अर्थात कुणी म्हणत नसे. राजा 'देव झाला' म्हणायचं आणि दर सणाला त्याच्या नावाने एक मेंढा कापायचा.

यादी वाचायचा मान म्हाताऱ्या अर्मापिया लेखनिकाचा. त्याच्या हातातली मातीची पाटी अजून ओली होती, कारण शेवटचं नाव त्याने सकाळीच अंगठ्याने पुसलं होतं. अल्लुवाचं. अल्लुवा हा नव्या राजाचा मेहुणा. चार वर्षं गादीवर होता आणि गेल्या महिन्यात जेवता जेवता देव झाला. कशाने, असं विचारणारे दोघेही पाठोपाठ गेले. ते मात्र देव झाले नाहीत.

"ते नाव तोंडातून निघालं, तर जीभ कापीन," असं राजाने अर्मापियाला बजावलं होतं.

अर्मापिया वाचू लागला. एक नाव, एक मेंढा पुढे. सोळा नावं झाली. त्याने पाटी छातीशी धरली आणि श्वास सोडला.

मागून कुणीतरी 'बें' केलं.

"तत्तिया," तो ओठ न हलवता आचाऱ्याला म्हणाला, "किती आणलेस?"

"सतरा. गेल्या सणाला सोळा होते ना बाबा, त्यात आता आपले अल्लु—"

"गप, मेल्या."

"मला कुणी सांगेल तर ना."

राजा मेंढ्याकडे बघत होता. "हा कुणाचा?"

अर्मापियाची जीभ टाळूला चिकटली. निदान होती तरी. "सूर्यमहाराज, देवळात आणून धुतलेलं जनावर परत नेता येत नाही. नेलं तर गावात साथ येते. कुठल्या तरी राजाच्या नावाने कापावंच लागतं."

"मग माझ्या नावाने काप. पहिला मीच."

नाही म्हणावं तर राजाज्ञा मोडली, हो म्हणावं तर राजा मारला. अर्मापियाने बोरू पाटीला टेकवला.

"लिहितो, महाराज. फक्त या यादीत नावापुढे 'देव झाला' लिहायची रीत आहे. तारीख आजचीच घालू?"

राजाने तत्तियाच्या हातातला सुरा पाहिला. मग अंगरक्षकांच्या नायकाकडे पाहिलं. नायक त्याचा चुलतभाऊ. त्याला या प्रश्नात एकदम रस वाटू लागला होता आणि तो दोन पावलं पुढे आला होता.

"थांब," राजा म्हणाला. "अल्लुवाचं लिही."

"आणि जीभ, महाराज?"

"राहू दे."

अर्मापियाने नाव कोरलं आणि वाचायला तोंड उघडलं. तेवढ्यात राजा त्याच्या कानाशी वाकला.

"बाबा, वाचताना जरा खोकशील का?"