तुतीआडची पाटी

बाग म्हणावी एवढी ती बाग नव्हतीच. चार बाक, एक घसरगुंडी आणि कोपऱ्यात तुतीचं झाड. पण शिवणकाम करणाऱ्या ताईंचा जीव त्या झाडात. तोडायला पालिकेची माणसं आली की ताई काजं-बटणांचं काम घेऊन झाडाखाली ठाण मांडायच्या. खाली माणूस असलं की करवत चालवायची नाही, हा त्या लोकांचा नियम. दोनदा बिचारे हात हलवत परत गेले. ही युक्ती ताईंनी कौतुकानं सांगितली कुणाला, तर पाठच्या भावाला. त्याचं चष्म्याचं दुकान बागेसमोरच. ऐकून तो पोट धरून हसला होता.

एकदा संध्याकाळी तोच आला. "ताई, उद्या माझ्या घरी थांबशील? नळवाला येणारे."

भावानं म्हटलं आणि ताई नाही म्हणाल्या, असं कधी झालंय? सकाळीच गेल्या. नळाखालचा पसारा आवरला, नळवाल्यासाठी चहाचं आधण ठेवलं. दुपार कलली तरी त्याचा पत्ता नाही. सहज नळ सोडून पाहिला, तर पाणी धो धो! बंद केला, तर थेंब गळेल तर शपथ.

 चपला अडकवून ताई बागेकडे धावल्या.

कोपरा उघडाबोडका. कच्च्या तुती मातीत तुडवलेल्या. करवतवाला गाडीत फांद्या भरत होता. "तुमचे भाऊच म्हणाले, ताई आज येणार नाहीत, उरकून घ्या."

समोर दुकानाची पाटी उन्हात झळकत होती. इतकी वर्षं झाडाआड होती मेली! भाऊ पायरीवर उभा, मान खाली.

"गिऱ्हाईक पुढं निघून जायचं गं. तुला विचारलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. भांडले असते. पण भांडू तरी द्यायचंस ना रे! परक्यानं केसानं गळा कापला असता, तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुला काय देऊ?"

त्याच्या घराची किल्ली पायरीवर ठेवून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ताई काजं-बटणं घेऊन उरलेल्या खोडावर येऊन बसल्या, दुकानाकडे तोंड करून. ऊन चढलं. भावाला राहवेना. छत्री घेऊन धावत आला आणि त्यांच्यावर धरून पुढ्यात उभा राहिला.

"ताई, घेरी येईल. आत चल ना गं."

ताईंनी सुईत दोरा ओवला.

"बाजूला हो," त्या म्हणाल्या. "पाटी दिसत नाहीये तुझी."